विहीणबाई दारं मोजतात

२०२३ साल. मी बहात्तर वर्षांचा, चौथी शिकलेला, जर्मनीत ब्राउनश्वाइगला लेकाकडे राहायला आलेला. सुनेची आई कुसुमताई, म्हणजे माझ्या विहीणबाई, त्याही तिथंच. या बाई कुठल्याही इमारतीत शिरल्या की आधी बायकांच्या संडासाची दारं मोजतात. दवाखाना असो, बाजार असो. "अण्णा, इथं एकच हो!" हे मला भर गर्दीत सांगणार. यावर विहिणीशी माणसानं बोलायचं काय?

दुसरी खोड, घराबाहेर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. ट्राममध्ये घामाघूम झाल्या तरी मी बाटली पुढे केली की ठरलेलं उत्तर, "नको, आपण बाहेर आहोत."

आमची नात सई बारावी झाली. तिला इंजिनियर व्हायचं होतं. प्रवेश दोन ठिकाणी मिळाला, एक इथलं मोठं विद्यापीठ आणि एक दोन तासांवरचं लहान कॉलेज. त्या कॉलेजात बहुतेक मुलीच. रविवारपर्यंत कळवायचं होतं.

मी म्हणालो, "मोठं ते मोठं. पोरींच्या कॉलेजात काय इंजिनं शिकवणार?"

"मग तुम्ही शिकवा, चौथी पास!" विहीणबाई म्हणाल्या.

शनिवारी आम्ही तिघं कॉलेज बघायला गेलो. काय सांगू! जिकडं बघावं तिकडं पोरी. एक मोटार खोलून बसलेली, दुसरी कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेली. सई तर त्यांच्यात घुसलीच. मलाही चेव चढला, आणि घाईचीही लागली. समोर दोन दारं. एकावर डी, एकावर एच. म्हटलं, डी म्हणजे दादा. शिरलो. आत चार मुली हात धूत होत्या!

बाहेर पळालो, तर विहीणबाई हसून हसून भिंतीला टेकलेल्या. "अहो अण्णा, डी म्हणजे डामेन! बायका!" मग हसू एकदम थांबलं. "आत किती दारं होती हो?"

"सहा."

"एका मजल्यावर सहा?" त्या बाकावर बसल्या. "द्या तुमची बाटली."

अर्धी बाटली घटाघट प्यायल्या. मग हळूच म्हणाल्या, "मीही डिप्लोमाला होते, अण्णा. मेकॅनिकल. वर्गात एकटी मुलगी. वर्कशॉपात बायकांची सोयच नव्हती. दिवसभर पाणी प्यायचे नाही. दिवाळीपर्यंत काढलं, मग आजारी पडले आणि वडिलांनी कॉलेजातून नाव काढून घेतलं. लेकीलासुद्धा सांगितलं नाही हो. संडासापायी शिक्षण सुटलं, हे कसं सांगायचं?"

तेवढ्यात सई काळे हात नाचवत आली आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मी शब्द फिरवणारा माणूस नाही. एवढंच म्हणालो, "मोठ्या ठिकाणी दारं शोधण्यातच वर्ष जाईल. हेच घे."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" पोरगी किंचाळली आणि माझ्या सदऱ्याला ग्रीस लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच बागेपर्यंत चालत जाऊन आलो. वाटेत डी लिहिलेली दोन दारं होती, दोन्ही ढकलून बघितली, उघडी होती. घरी येऊन बाटली काठोकाठ भरली आणि विहीणबाईंना म्हणालो, "चला, फिरायला."