ग्रीतचं अडलेलं बाळंतपण

एकोणतीस वर्षं मी कालव्यांचे नकाशे काढले. ज्या माणसाने पाण्याला वळण लावलं, त्याला तीन कोंबड्यांना वळण लावणं काय अवघड? असं मी माझ्या बायकोला, योकेला, छातीठोकपणे सांगितलं.

"पाणी अंगावर शिटत नाही," योके म्हणाली.

पण निवृत्त नवरा दिवसभर घरात घुटमळण्यापेक्षा परसात घुटमळलेला बरा, म्हणून तिने होकार दिला. मी रीतसर नकाशा काढून खुराडा बांधला. तो इतका नेटका झाला की योके म्हणाली, "वीबे, यात तूच का राहत नाहीस?" मग गावाबाहेरच्या हारम गवळ्याने मला तीन गुबगुबीत तांबड्या कोंबड्या दिल्या. त्यांच्या पायांवरसुद्धा पिसं! जणू लोकरी मोजे घालून फिरायला निघालेल्या म्हाताऱ्या. योकेने त्यांना आपल्या तीन मावश्यांची नावं दिली: ग्रीत, कोरी आणि मीन.

आठ दिवस सुखात गेले. रोज ताजी अंडी! मी गावभर कोंबड्यांवर फुकट सल्ले वाटत फिरलो.

नवव्या दिवशी ग्रीत अंडी घालायच्या खोक्यात जाऊन बसली, ती उठेचना. खाणं नाही, पिणं नाही. हात लावला तर पिसं फुलवून चक्क गुरगुरली! मी कोंबडीपालनाचं पुस्तक उघडलं. 'अंडे अडकणे. कोंबडीस कोमट पाण्यात बसवावे, तेल लावावे, शांतपणे धीर द्यावा. हयगय केल्यास दगावते.'

मावशीचं नाव असलेली कोंबडी माझ्या हातून गेली असती, तर मला सासुरवाडीत तोंड दाखवायला जागा उरली नसती!

घरात मी एकटाच होतो. आमची मुलगी रेन्स्के, दिवस भरत आलेली, सकाळी आपली गाडी आमच्या दारात लावून आईबरोबर बसने शहरात गेली होती. बाळाचे कपडे घ्यायला.

मी ग्रीतला उचललं आणि न्हाणीघरातल्या टबात बसवलं. वाफ बाहेर जावी म्हणून खिडकी किलकिली केली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे धीर देऊ लागलो.

"घाबरू नकोस, बयो! मी आहे ना! हं, आता जरा जोर लाव... लाव जोर!"

खिडकीखालून शेजारच्या वेस्ट्राबाईंचा आवाज आला. "अगं बाई! वीबे, वेळ आली की काय?"

"आली!" मी म्हणालो. "पण अडकलंय हो! बाहेरच येत नाहीये!"

"आणि योके कुठाय?"

"खरेदीला!"

"तुम्ही एकटेच करताय?"

"त्यात काय? पुस्तक वाचलंय मी! तेलाचा हातही लावलाय."

बाईंचा आवाज बारीक झाला. "मी सुईणीला बोलावू का?"

मला वाटलं, बाई थट्टा करतायत. मीही हसून म्हणालो, "सुईण कशाला? नाहीच जमलं तर हारमला बोलावू. त्याला वासरं ओढून काढायची सवय आहे!"

बाई पळाल्याचा आवाज आला. सत्तरीची बाई इतकी पळते, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या पंधरा मिनिटांत काय काय झालं, ते मला मागाहून समजलं. बाईंनी सुईणीला फोन केला. श्रीयुत वेस्ट्रांनी माळ्यावरून लाकडी करकोचा काढून आमच्या अंगणात रोवला, बाळ आल्याची वर्दी म्हणून. आणि मग बाईंनी आमच्या जावयाला, योरिसला, कळवलं.

योरिस कालव्यावरच्या पुलाचा राखणदार. बोट आली की पूल वर उचलायचा, गेली की खाली. त्या क्षणी पूल वर होता. योरिसने फोन ऐकला, सायकल काढली आणि सुसाट सुटला. पूल तसाच आ वासून उभा! पलीकडे गाड्यांची रांग लागली. रांगेत सगळ्यात पुढे शहरातून येणारी बस. बसमध्ये योके, रेन्स्के आणि सहा झबली.

"आई," रेन्स्के म्हणाली, "तो पाण्यापलीकडे सायकल हाणत पळतोय तो माझाच नवरा ना?"

इकडे मी ग्रीतला टॉवेलमध्ये गुंडाळून केस वाळवायच्या यंत्राने वाळवत होतो. तिला ते आवडलं असावं, डोळे मिटून पेंगत होती. तेवढ्यात धाडकन दार उघडलं. दारात इल्से सुईण, हातात बॅग.

"पोर कुठाय?" तिने विचारलं.

"ही काय," मी टॉवेल पुढे केला.

इल्से गवळ्याघरची लेक. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ग्रीतकडे. मग बॅग खाली ठेवून ग्रीतच्या पोटाखाली हात घातला. ग्रीत गुरगुरली.

"अहो काका, काहीही अडकलेलं नाही! खुडूक झालीय ही! अंड्यांवर बसायचंय तिला, पिल्लं हवीत. आणि तुम्ही तिला आंघोळ घालताय?"

इतक्यात योरिस धापा टाकत जिना चढून आला. "बाबा! काय झालं? मुलगा की मुलगी?"

"कोंबडी," इल्से म्हणाली.

योरिस टबाच्या काठावर बसला. मग लांबून, कालव्याच्या दिशेने, तीसएक भोंगे एकदम वाजायला लागले आणि त्याला पूल आठवला.

संध्याकाळी घरी आलेली रेन्स्के माझ्याशी बोलली नाही. योके बोलली, तेव्हा वाटलं, तीही न बोलती तर बरं. योरिसला वरिष्ठांनी तासभर उभं करून झापलं. इल्सेच्या सल्ल्याने मी मात्र हारमकडून पिल्लं निघतील अशी फळलेली सहा अंडी आणून ग्रीतखाली ठेवली. ती अशी पसरून बसली, की जणू हीच मागणी ती पहिल्यापासून करत होती.

बरोबर तीन आठवड्यांनी, ग्रीतची पिल्लं आज फुटणार म्हणून सगळा शेजार डोळे लावून बसला होता त्याच दिवशी, रेन्स्के बाळंत झाली. सुखरूप! मी आनंदाने नुसता तरंगत होतो. टोस्टवर लोणी, त्यावर बडीशेपेच्या गुलाबी साखरगोळ्या, अशी मुलगी झाल्यावर आमच्याकडे वाटतात ती ताटली सजवली आणि तडक कुंपण गाठलं. वेस्ट्राबाई कपडे वाळत घालत होत्या.

"बाई, आज पहाटे झाली! मुलगी!"

बाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तोंडातला चिमटा काढून म्हणाल्या,

"इतक्यात कसं सांगताय? दीड महिना थांबा. तुरा फुटल्याशिवाय काही कळत नसतं."