तक्रारपेटीतलं पाणी

नगरपालिकेच्या हेडक्लार्कांनी वरून आलेलं पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि कपाळाला हात लावला. गावोगावच्या कारभाराला गुण देणाऱ्या तपासनीस बाई उद्या येणार होत्या आणि तक्रारपेटी त्यांच्यासमोर उघडायची होती. गुण बरे पडले, तर हेडक्लार्क अधीक्षक होणार होते. पेटी भिंतीवर जागच्या जागी होती. किल्ली मात्र तीन वर्षांपूर्वीच हरवली होती.

"कुलूप तोडू का, साहेब?" शिपायाने विचारलं.

"आणि तुटकं कुलूप दाखवू त्यांना? डोकं आहे का?"

डोकं स्वतःकडे आहे हे दाखवण्यासाठी हेडक्लार्कांनी डाव्या हाताने पाच चिठ्ठ्या लिहिल्या. 'कारभार उत्तम. एक समाधानी नागरिक.' फटीतून त्या आत जाईनात. पट्टीने ढकलल्या, तर पट्टी मोडली आणि चिठ्ठ्या फटीतच अडकल्या. पेटी गच्च भरलेली होती!

"आपल्या गावात इतकं लिहितं कोण?"

"काय माहीत. मी तर तिला छत्री अडकवतो," शिपाई म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, कुलूपवाला आला, झाकण उघडलं आणि कागदांचा नुसता धबधबा सुटला. रोज फाडायच्या कॅलेंडरची पानं होती ती, प्रत्येकाच्या पाठीवर पेनाने लिहिलेलं. बाईंनी एक उचललं.

"'सहाऐवजी सात दहाला आला. अकरा मिनिटं. साडेतीन बादल्या.'"

मग दुसरं, मग तिसरं. वाचता वाचता त्या चक्क फरशीवर बसल्या.

"दोन वर्षं मी गावोगाव फिरतेय हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नळाला पाणी किती वेळ येतं, एवढं साधं कुठलीच कचेरी सांगू शकत नाही. सगळीकडे एकच शब्द, 'नियमित'."

हेडक्लार्कांनी आपला भरलेला फॉर्म हळूच पालथा घातला.

अहो, हजारावर पानं! तापात लिहिलेली, घरात पाहुणे असताना लिहिलेली, एकही दिवस न चुकलेली. शिपायाने नकळत डोक्यावरची टोपी काढली. हेडक्लार्कांनी मात्र आपला खिसा घट्ट दाबून धरला, कारण 'साडेतीन'मधला तो लांब शेपटीचा 'त' त्यांच्या खिशातल्या सामानाच्या यादीतही होता. आपल्या घरच्या कॅलेंडरची पानं जातात कुठे, हेही आत्ता कळलं.

"'आज नळ नाही. ह्यांना सांगितलं. बघतो म्हणाले.'" बाई वाचत होत्या. "'आजही नाही. ह्यांना परत सांगितलं. वैतागून म्हणाले, अर्ज कर.' हे 'हे' कोण?"

साहेबांच्या घरचं सामान आणून आणून शिपायाला ते अक्षर पाठ होतं. तो छताकडे बघू लागला.

"लिहिणारी सापडायला हवी," बाई म्हणाल्या. "ह्या पाच चिठ्ठ्या सरळसरळ बनावट आहेत. त्यामुळे सगळ्याच पेटीवर संशय येतो. कुणी पुढे आलं नाही, तर ही पानं बाद."

पानं बाद म्हणजे 'नियमित' कायम आणि अधीक्षकपद पक्कं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याचा त्यांना तीस वर्षांचा सराव होता. पण फरशीवर हजार सकाळी पसरल्या होत्या. त्यातल्या प्रत्येक सकाळी ते पांघरुणात होते.

"ते 'हे'... मीच," हेडक्लार्क म्हणाले. "आणि त्या पाच चिठ्ठ्याही माझ्याच."

पाण्याला दहापैकी दोन गुण पडले. नागरिकांच्या नोंदींचा रकानाच फॉर्मात नव्हता. बाईंनी तो हाताने आखला आणि दहापैकी दहा दिले. अधीक्षक दुसराच कुणी झाला.

"अगं, मला सांगायचं नाही का?" संध्याकाळी हेडक्लार्क बायकोला म्हणाले.

"सांगितलं होतं. तुम्ही अर्ज कर म्हणालात," ती भांडी घासता घासता म्हणाली. "केला."

दुसऱ्या दिवशी पहाटेच हेडक्लार्क पाणी सोडणाऱ्याच्या दारात उभे राहिले आणि तो टाकीवर गेल्यावरच घरी परतले. कचेरीला निघताना बायकोने कॅलेंडरचं पान हातात ठेवलं, "जाताय तर टाका पेटीत." पेटीपाशी त्यांनी ते उलटून वाचलं.

'आज सहाला आला. बादल्या ह्यांनी भरल्या.'