तात्यांस न सापडलेल्या बटणाची बखर

श्री. ज्याचे कृपेनें वीज टिकते आणि वायफाय चालतें त्या विघ्नहर्त्यास वंदन करून, शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ मासीं जें वर्तमान घडलें तें लिहिलें असे. कोणे एके राज्यीं, काचेच्या किल्ल्यांत, नवव्या मजल्यावर, रयतेचे फोनांत पंचांग पुरविणारा दरबार होता. तेथें शर्वरीबाई गुरव इंजिनियरीची पदवी घेऊन प्रथमच चाकरीस रुजू जाहल्या. मनीं मनसुबा थोर, कीं आपले हातून लोकांचें कांहीं सोपें व्हावें. बाईंचे तीर्थरूप तात्या, गांवीं चाळीस वर्षें गणित शिकवून निवृत्त जाहलेले मास्तर. त्यांनीं तें पंचांग आपले फोनांत घेतलें, आणि मग आळींतल्या अकरा फोनांत स्वहस्तें घातलें, आणि ज्यास त्यास सांगितलें, "आमच्या शरूनं केलंय."

मग एके दिवशीं कारभारी केळुसकर यांनीं बाईंस बोलाविलें. पंचांग दर तासास शंख फुंकी, आणि भविष्य ओरडून सांगे, आणि रत्नांची जाहिरात दाखवी, आणि रयत कंटाळून शंख बंद करी. कारभारी म्हणाले, "बंद करायचं बटण काढायचं नाही हं. फक्त पटकन सापडता कामा नये."

बाई म्हणाल्या, "पण सर, लोकांना नकोच असेल तर?"

"लोकांना काय हवंय ते आकडे सांगतात. तू कोड लिही."

मग बाईंनीं मान खालीं घातली आणि बटण सहा पानांआड नेलें, आणि राखी रंगावर राखी अक्षरांत लिहिलें. आणि लाज सांगावी ती ही, कीं काम मोठें सुबक केलें. शंख बंद करणारे निम्म्यावर आले, आणि भर सभेंत टाळ्या पडल्या, आणि बाईंस त्या गोड लागल्या.

इकडे गांवीं शेजारचे लोहारअण्णा यांची बायको वारली. तात्या समाचारास गेले, आणि सारे गुपचूप बसले असतां तात्यांचे खिशांत शंख वाजला आणि फोन गर्जला, "आनंदवार्ता! आज आपणांस विवाहयोग आहे!" अण्णांनीं वर पाहिलें. तात्या तेथून उठले ते चप्पल हातांत घेऊनच घरीं आले, आणि फोन गव्हाचे डब्यांत कोंबला, तरी शंख वाजतच होता.

तिसरे दिवशीं तात्यांनीं लेकीस फोन केला. बाई चहाचा कप घेऊन खिडकीशीं उभ्या होत्या. सारें ऐकून त्यांचे कान तापले. म्हणाल्या, "तात्या, काढूनच टाका ना ते."

"काढून कसं टाकू? तू केलंयस ते. नुसतं शंखाचं बटण सांग. दोन दिस शोधतोय, चष्मा पुसून पुसून दमलो."

मग बाईंनीं एकेक पान सांगितलें, आणि तात्या बोट ठेवीत गेले, आणि सहावे पानीं शंख थांबला. तात्या हरखून बोलिले, "तुला सगळं तोंडपाठ गं!"

मी लपवलं, एवढे दोनच शब्द बाईंचे जिभेवर आले होते. इतक्यांत तात्यांचा आवाज उतरला. "शरू, डोकं चालंना झालंय बघ माझं. चाळीस वर्षं गणित शिकवलं आणि एक बटण सापडंना. शाळेतल्या कुणाला बोलू नको हां, लाज वाटती."

बाईंनीं बोलावें तों कारभाऱ्यांनीं लांबून हात केला. मग बाई म्हणाल्या, "नाही बोलत, तात्या," आणि फोन ठेविला, आणि कपांतला चहा तसाच ओतून दिला.

जाहलें तें इतकें. दरबाराचा शंख घरोघर वाजत राहिला, आणि बाईंस पुढले महिन्यांत बढतीचें पत्र आलें, आणि जी शरम लेकीची ती बाप आपली समजून बसला, आणि लेकीनें ती त्याजपाशींच राहूं दिली.