रमणकाकांची बोर्डीपर्यंतची ट्रायल

यंदा धुळवडीच्या सकाळी, तलासरीच्या हायवेवरच्या गॅरेजात रमणकाका मिस्त्रींवर अन्याय झाला. मालकाने चारचौघांत सांगितलं, "काका, ब्रेक बघा. पण ट्रायलला यापुढे ड्रायव्हर एकटा जाईल."

यात काय एवढं, असं वाटणाऱ्यांना काका माहीत नाहीत. जुन्या ट्रकचा ब्रेक लागेनासा झाला की बाकीचे मिस्त्री चाकाकडे जातात. काका ड्रायव्हरकडे जातात. "जेवलास का, भाई? घरी कोण कोण?"

"काका, ब्रेक गाडीचा गेलाय, माझा नाही."

"पाय कोणाचा असतो त्याच्यावर?"

मग ते हवेच्या पाइपाच्या जोडांना साबणाचा फेस लावतात. हवा गळत असेल तिथे बुडबुडा फुगतो. काका त्याला पाहुण्यासारखं गुजरातीत म्हणतात, "आव, बेस."

दुरुस्तीनंतर ट्रायल. इतर मिस्त्री पेट्रोल पंपापर्यंत जाऊन येतात, काका थेट बोर्डीपर्यंत. "उतार पाहिजे, वळण पाहिजे, समोरून एसटी पाहिजे. ब्रेकची परीक्षा अंगणात होते काय?" बोर्डीला सुरूच्या झाडांखाली चहाही पाहिजे, कारण म्हणे ब्रेकचे ड्रम थंड व्हायला हवेत. परत आल्यावर हमखास, "जरासा आवाज येतो. उद्या परत बघू."

काकांच्या बाजूने मी मालकाशी भांडायला गेलो. मिस्त्रीशिवाय ट्रायल म्हणजे ड्रायव्हरच्या जिवाशी खेळ, असं पत्रकच लिहून नेलं होतं. मालक थंडपणे म्हणाला, "आज शेवटचं जाऊ दे त्यांना. तूही जा. मग छाप काय ते."

गेलो. घोलवडच्या अलीकडे म्हैस आडवी आली, ट्रक जागच्या जागी उभा राहिला. ब्रेक चोख होता. काका त्याच्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. काकी गेल्यापासून भाकरी जाडच होते, वापीच्या मुलीचा फोन येतो पण ती घाईत असते, हेच वाटभर. ड्रायव्हर हूं हूं करत होता. तेवढंही त्यांना पुरत होतं.

बोर्डीला चहा आला. काका मान तिरकी करून म्हणाले, "आवाज येतोय."

"काका, इंजिन बंद आहे."

ते चहावर फुंकर मारत राहिले.

म्हणजे मालकाचं खरं होतं, ट्रायल ब्रेकसाठी नव्हतीच. पत्रक मी फाडलं. तरी अन्याय झालाय तो झालाच आहे.

तेव्हा जुना ट्रक, टेम्पो, जे असेल ते घेऊन तलासरीला थांबा. मालकाला ठणकावून सांगा की ब्रेकमध्ये आवाज येतोय, मिस्त्री बरोबर पाहिजे, बोर्डीपर्यंत. आवाज येत नसला तरी सांगा. आणि वाटेत त्यांना विचारा, जेवलात का.