पेला न सांडण्याची कार्यपद्धती

रस्ता ही सार्वजनिक बाब आहे आणि पाठीचा कणा ही खासगी. पहिल्याची काळजी सर्वांनी मिळून घ्यायची असल्यामुळे ती घ्यायला कोणी मोकळा नसतो. दुसऱ्याची ज्याची त्याने घ्यायची. या तत्त्वावर रस्ते खाते आजवर सुरळीत चालत आले आहे. (खाते. रस्ता नव्हे.)

मुद्दा १. मोजणीदार

या खात्यात खड्डे मोजण्यासाठी एक मोजणीदार होते. माणूस इतका प्रामाणिक, की सगळ्या खात्याला त्याचा त्रास होई. खड्डा कशाला म्हणावे यावरून पूर्वी फार वाद होत, म्हणून नियम करण्यात आला: स्टीलचा पेला काठाखाली एक बोट राहील इतका पाण्याने भरावा, मोटारीच्या पुढच्या सीटवर ठेवावा आणि ताशी वीसच्या वेगाने जावे. पाणी सांडले तर खड्डा. न सांडले तर नैसर्गिक चढउतार. पेला पुन्हा भरण्यासाठी मागे एक बादली ठेवावी. (बादली सांडल्यास तो खड्डा धरू नये, ती बादलीची चूक.)

खात्याची जीप सहा वर्षांपासून विटांवर उभी होती. एका रस्त्याची तपासणी करताना ती मधोमध मोडली. रस्त्यात दोष आढळला नाही. तेव्हापासून मोजणी मोजणीदारांच्या स्वतःच्या मोटारीतून होत असे. हीच मोटार रोज ऑफिसला जाई, भाजी आणी, मुलीला क्लासला सोडी आणि वाटेतला प्रत्येक खड्डा मालकाच्या मणक्यात नोंदवून ठेवी.

मुद्दा २. आई

मोजणीदारांच्या घरापासून हमरस्त्यापर्यंत सव्वा किलोमीटर अंतर. खड्डे सत्तेचाळीस. हा रस्ता दुरुस्तीच्या यादीत तिसरा होता. वार्षिक फेरमोजणीत पेला पुन्हा सांडला की डांबर पडणार, हे ठरल्यासारखेच होते.

तेवढ्यात आई बाथरूममध्ये घसरली. पाठीचे ऑपरेशन झाले. आठ दिवसांनी घरी सोडू म्हणाले.

"सहा आठवडे एकही धक्का बसता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "घरापर्यंतचा रस्ता कसा आहे?"

"लेखी विचारावं लागेल," मोजणीदार सवयीने बोलून गेले, आणि मग त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. आठ दिवसांत आपले खाते काय करू शकते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. आठ दिवसांत खात्यात अर्जाला टाचणी लागते.

रस्ता बदलणे हाताबाहेरचे. आई बदलणे अशक्य. उरली मोटार.

मुद्दा ३. मर्यादित बजेटमधील सुधारणा

बजेट बायकोने मंजूर केले. सोफ्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम तिने काढून दिली. "सोफा काय, उभ्यानेही पाहुणे येतातच," ती म्हणाली.

मेहुणा फोनवर व्हिडिओ बघून तज्ज्ञ झालेला होता. "दाजी, नवीन स्प्रिंगा टाका. गाडी दीड इंच खाली घ्या. काय दिसेल!"

"दीड इंच खाली घेतली तर गाडी दिसणारच नाही," मिस्त्री म्हणाला. "खड्ड्यात असेल."

मिस्त्रीने बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला आणि तो किती वेळा वरखाली होतो ते मोजले. दीड वेळा झाला तर गाडी ठीक. मोजणीदारांची सात वेळा झाली.

"साहेब, ही गाडी नाही, पाळणा आहे. धक्के झेलणारे शॉक कधीच वारलेत. तुम्ही नुसते त्यांना फिरवताय."

मग त्याने बजेटप्रमाणे क्रम लावून दिला:

एक, चाकांतली जास्तीची हवा काढा. (फुकट. म्हणून मेहुण्याला पटले नाही.)
दोन, सांध्यांतले रबरी बुश सगळे बदला. स्वस्तात मस्त.
तीन, शॉक बदला, पण जोडीने. एक नवा एक जुना चालत नाही, संसारात चालतो.
चार, स्प्रिंगा धड आहेत, त्यांना हात लावू नका.
पाच, मेहुण्यालाही लावू देऊ नका.

पाचव्या दिवशी गाडी मिळाली. मिस्त्रीने कोपरा दाबला. दीड वेळा. मोजणीदारांना गहिवरून आले.

आठव्या दिवशी आईला मागच्या सीटवर उशा लावून घरी आणले. सत्तेचाळीसही खड्डे येऊन गेले. दारात गाडी थांबली तेव्हा आई म्हणाली, "अजून दवाखान्यातून निघालोच नाही का रे?"

घरात सोफा नव्हता. त्यामुळे संध्याकाळी सगळे कुटुंब मोटारीत बसून चहा पिऊ लागले. घरातली सगळ्यात चांगली बैठक तीच होती.

मुद्दा ५. फेरमोजणी

पुढच्याच महिन्यात फेरमोजणी आली. मोजणीदार पेला, बादली घेऊन निघाले. पहिला खड्डा गेला. पाणी हलले, पण सांडले नाही. दहावा, विसावा. आपल्याच गल्लीच्या तोंडाशी, जिथे गेल्या वर्षी बादलीसुद्धा आडवी झाली होती, तिथे पेल्याने नुसता आवंढा गिळला.

मोजणीदारांनी गाडी बाजूला घेतली. पेल्यात थोडे पाणी वाढवावे असे त्यांच्या मनात आले. पण नियमात एक बोट म्हटले होते. वेग वाढवावा? नियमात वीस म्हटले होते. लबाडी त्यांच्या रक्तात नव्हती. त्यांनी रकाना भरला:

खड्डे: निरंक.

रस्ता यादीतून वगळण्यात आला.

मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. "अहो, खोरं न उचलता सत्तेचाळीस खड्डे बुजवलेत तुम्ही! आता गावातले सगळे रस्ते याच गाडीतून मोजा."

दोन आठवड्यांत गावातील ८३ टक्के खड्डे नाहीसे झाले. (उरलेल्या १७ टक्क्यांत गाडी उतरली, पण वर आली नाही, ते तळी म्हणून दुसऱ्या खात्याकडे वर्ग केले.) ज्या नागरिकांना अजूनही धक्के जाणवत, त्यांना खात्याने छापील पत्र पाठवले: आपल्या तक्रारीचे मूळ आपल्या वाहनात आहे. मोजणीदारांचा शाल देऊन सत्कार झाला. शाल आईच्या पाठीला लावायला बरी पडली.

मुद्दा ६. चालणे

सहा आठवडे संपले. डॉक्टर म्हणाले, "आता रोज रस्त्यावर दहा मिनिटं चालायचं. नाही चालल्या तर गुडघे आखडतील, मग कायमच्या बसतील."

आई काठी घेऊन फाटकाशी आली. समोर पहिलाच खड्डा होता, तिच्या काठीच्या निम्म्या उंचीचा. तिने तो पाहिला, मग मुलाकडे पाहिले.

"खड्डे संपले म्हणून तुला शाल मिळाली ना रे?"

"हो आई. कागदावर निरंक आहे."

"मग मला त्या कागदावरून चालव."

मोजणीदारांनी त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज केला. तो टाचणी लागून त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी नोंदवही उघडली, खात्री केली, आणि आपल्या सुवाच्य अक्षरात शेरा मारला: सदर रस्त्यावर खड्डे नाहीत, अर्ज निकाली. मग ते मिस्त्रीकडे गेले आणि आईच्या काठीला बसेल असा एखादा शॉक आहे का, विचारले.

"शॉक जोडीनेच येतात, साहेब," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "आणि गाडीलाच लागतात."

आता रोज संध्याकाळी मोजणीदार आईला मोटारीत बसवून दहा मिनिटे फिरवतात. घरी आल्यावर औषधांच्या तक्त्यात लिहितात: चालणे, झाले. आई मागच्या सीटवर बसून गुडघ्यावर हात फिरवत असते. गुडघा आता पुरता वाकत नाही. धक्का मात्र अजून एकही बसलेला नाही.

मुद्दा ७. वाचकांची तपासणी

नियमानुसार हे टिपण वाचणाऱ्यांचीही मोजणी करण्यात आली. तिसऱ्या मुद्द्यानंतर एकदम पाचवा आला. मध्ये चांगला मुद्दाभर खड्डा होता. आपण किंचित वळसा घातलात आणि पुढे गेलात. हाक नाही, तक्रार नाही, पेला जागचा हलला नाही. चौथ्या मुद्द्यात रस्ता दुरुस्त कसा करायचा, ते लिहिले होते.

अभिनंदन. आपले शॉक उत्तम स्थितीत आहेत. आपल्या नावापुढे नोंद केली आहे: निरंक.