पहिल्या क्रूझला किती रात्री

समुद्रावर किती दिवस राहायचं हे माणसाच्या हातात नसतं, कंपनीच्या हातात असतं. रत्नागिरीत हे पोरासोरांनाही माहीत आहे. पाण्यावर जाण्याची इथे तीन अधिकृत कारणं आहेत : मासे, माल आणि पलीकडचा किनारा. निघालो तिथेच परत येण्यासाठी, तेही बायकोला बरोबर घेऊन, पाण्यावर जायचं हे चौथं कारण अगदी अलीकडचं. त्यामुळे त्याबाबत कसलेच नियम उपलब्ध नव्हते. ते तयार करण्याचा मान मिऱ्याच्या मयेकर कुटुंबाला मिळाला, आणि त्यांनी हे काम किती चोख केलं याची ही हकिकत.

स्वरूप मयेकर अकरा वर्षं मालवाहू बोटीवर फिटर आहे. नऊ महिने बोटीवर, दोन महिने घरी. या अकरा वर्षांत त्याने तीन महासागर ओलांडले, पण पाण्याच्या पातळीखालून. इंजिनरूमला खिडकी नसते. समुद्र त्याला माहीत होता तो एका तबकडीवरचा आकडा म्हणून. इंजिन गार करायला जे पाणी आत घेतात, त्याचं तापमान. एडनजवळ एकतीस, हॉलंडकडे सहा. त्याची बायको नम्रता स्वयंपाकघराच्या खिडकीतून तोच समुद्र रोज बघायची, आकड्याविना.

जानेवारीत रजेवर आल्या आल्या स्वरूप जेवताना म्हणाला, "यंदा नम्रताला क्रूझला नेतो म्हणतोय."

"किती दिवस?" वडील महिपत यांनी विचारलं.

"बघू."

या 'बघू'मधून समिती जन्माला आली.

आता नम्रताचं म्हणणं काय होतं, हे आधीच नोंदवलेलं बरं, कारण नंतर ते कुठेच नोंदवलं गेलं नाही. लग्नाला सात वर्षं झाली. त्यातले दोघं एका छपराखाली होते असे महिने चौदा. चौदातून वजा : पाहुणे, लग्नं, बारशी, कौलं चाळणं, कंपनीने रजेत मुंबईला लावलेले कोर्स (आग विझवणं, ताजी उजळणी), आणि स्वरूपची झोप. शिल्लक एकोणीस दिवस. तेही सुटे. सासूबाईंसमोर ती त्याला 'अहो' म्हणायची, एकट्यात 'तू', आणि एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून सलग तीन वाक्यं 'तू'ची गेली नव्हती. तिसऱ्याला कुणीतरी हाक मारायचंच. सकाळी 'तू' म्हणून उठावं आणि चहाच्या वेळीही 'तू'च असावं, एवढी तिची मागणी होती. मागणी लहान असल्यामुळे तिच्यासाठी रकाना ठेवला गेला नाही.

समितीची पहिली बैठक रजेच्या नवव्या दिवशी पडवीत झाली (पहिले आठ दिवस नातेवाइकांना अत्तराच्या बाटल्या वाटण्यात गेले). उपस्थिती उत्तम होती.

अध्यक्ष अर्थातच महिपत. एकतीस वर्षं समुद्रावर. खलाशी म्हणून चढले, बोसन म्हणजे खलाशांचे मुकादम म्हणून उतरले. त्यांचं मत स्पष्ट होतं. "पैली ट्रिप नऊ महिन्यांची. त्याच्या आत काय कळतंय? सहा महिने तर नुसते ओकण्यात जातात."

"बाबा, ही मजेची बोट असते," स्वरूप म्हणाला.

"मग सहा."

त्यांच्या पत्नी येसूबाई म्हणाल्या, "एक रात्र रग्गड झाली. काय ते एका रात्रीत कळतं." त्यांना काय कळायचं होतं हे कुणी विचारलं नाही. शेजारच्या कमळाकाकूंनी पायंड्याचा मुद्दा काढला. "आमचे हे पंचवीस वर्सं बोटीवर होते. मला कुनी धक्क्यापर्यंत न्हेलं नाय. आता ही गेली की उद्या आळीतल्या समद्या सुना उभ्या ऱ्हातील." हा मुद्दा गंभीर होता. आळीत बोटीवर नवरा असलेल्या सुना एकूण बावीस. त्या सगळ्या एकदम समुद्रावर गेल्या तर मासे कोण साफ करणार?

चुलतदीर विनोद हा समितीतला तज्ज्ञ. त्याचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे तो तटस्थ होता. त्याने मोबाईलवर वाचून सांगितलं, "जोडीदाराची पहिलीच क्रूझ असेल तर तीन ते चार रात्री. कमी घेतल्या तर सवय व्हायच्या आत उतरावं लागतं, जास्त घेतल्या तर भांडणं होतात."

"भांडायला बोटीवर कशाला?" येसूबाई म्हणाल्या. "हितं जागा कमी हाय?"

"वहिनी, तुमचं काय मत?" विनोदने नम्रताला विचारलं. तेवढ्यात चहा उतू गेला.

विनोदने मार्गही काढून दाखवला. बोट मुंबईहून सुटते, गोव्याला जाते, परत मुंबईला येते. महिपत यांनी चष्मा लावला, नकाशावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू खाली आणलं.

"म्हंजे आपण हितून आगगाडीनं मुंबईला जायचं."

"होय."

"बोटीत बसायचं. आनि बोट येनार कुठनं? आपल्याच दारावरनं."

"लांबून, बाबा. खूप लांबून."

"हितंच टॉवेल हलवला आसता तर थांबली नसती काय ती?"

त्या दिवशी बैठक इथेच स्थगित झाली.

दुसऱ्या बैठकीत पौष महिन्याची हरकत आली. पौषात शुभकार्य करत नाहीत. क्रूझ हे शुभकार्य आहे काय, यावर तीन दिवस चर्चा चालली. आहे म्हणावं तर पौषात जाता येत नाही. नाही म्हणावं तर मग जायचंच कशाला. दोन्ही बाजू इतक्या बळकट होत्या की पौष संपेपर्यंत थांबण्याचा निर्णय एकमताने झाला. (नम्रता तेव्हा पोळ्या लाटत होती, तिचं मत सोयीसाठी एकमतात धरलं.)

दरम्यान शमिकाचा प्रश्न होता. शमिका ही स्वरूप-नम्रताची मुलगी, वय तीन, समितीची पदसिद्ध सदस्य आणि नकाराधिकार असलेली एकमेव. ती आईविना किती रात्री राहील हे कळल्याशिवाय आकडा ठरणं अशक्य, म्हणून दुपारच्या झोपेवर चाचण्या घेतल्या. नम्रताने शेजारच्या घरी जाऊन बसायचं, येसूबाईंनी शमिकाला थोपटायचं, विनोदने घड्याळ बघायचं. चाचणी पहिली : अकरा मिनिटं. चाचणी दुसरी : सात. चाचणी तिसरीत शमिका छान झोपली, पण अकराव्या मिनिटाला नम्रताच धावत आली. "उठली काय?" तिने विचारलं, आणि शमिका उठली. या तीन निकालांची सरासरी काढून विनोदने पोरगी शून्य पूर्णांक शून्य शून्य सात रात्री राहील असं जाहीर केलं. अशी क्रूझ बाजारात नव्हती.

आकडे असे अडले की मयेकर मंडळी गावच्या देवीला कौल लावतात. देवीच्या अंगावर फुलांच्या दोन कळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शेतीची वाटणी, विहिरीची जागा, सोयरीक, सगळं इथेच ठरलेलं. रजेच्या एकतिसाव्या दिवशी सगळी समिती देवळात हजर झाली. दादू गुरवाने कळ्या लावल्या. महिपत यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. सवयीप्रमाणे ते बोटीवर जाणाऱ्या गड्याचंच निघालं. वादळवारा, चाचे, कॅप्टनची मर्जी, वेळेवर पगार, सगळं देवीच्या कानावर घालून झाल्यावर ते मुद्द्याला आले.

"तर आई, सूनबाईनं नऊ म्हैने जावं काय?"

डावी कळी तत्काळ पडली. देवीने इतक्या घाईने आजवर फक्त एकदा उत्तर दिलं होतं, असं दादू नंतर सांगायचा.

"सात रात्री?" विनोद म्हणाला. डावी.

"चार?" डावी.

"तीन?" डावी.

"एक," येसूबाई म्हणाल्या. डावी पडली ती त्यांच्या पायाशीच. त्यांना ते लागलं.

"आवो, काय चाललंय काय?" दादू वैतागला. "दर खेपेला नव्या कळ्या लावायच्या माज्यानं व्हनार नाय. आकडा लावायला ही काय टपरी हाय? आई आकडा सांगत नाय. सरळ काय ता विचारा."

 विनोद मोबाईलवर 'सरळ काय ते' शोधू लागला. तेव्हा कमळाकाकू, पायंडावाल्या, अचानक म्हणाल्या, "जिला जायचं ती मागं हुबी हाय. तिला इचारू द्या की. ये गो बाय म्होरं."

नम्रता पुढे आली. पदर सावरला, हात जोडले. सलग तीन वाक्यांची सवय नव्हती, म्हणून तिने एकच विचारलं.

"आई, आम्ही दोघं एकदा बोटीत बसू काय?"

उजवी कळी पडली.

समितीत आनंद पसरला. प्रस्तावाला तत्त्वतः मंजुरी मिळाली होती. रात्रींची संख्या तेवढी बाकी होती. ती ठरवण्यासाठी देवळाच्या पायरीवरच उपसमिती नेमली. उपसमितीत सगळे तेच होते, फक्त कमळाकाकूंना वगळलं.

उपसमितीने वेळ अजिबात वाया घालवला नाही. सात दिवसांत पाच बैठका झाल्या. बोटीवर मासे ताजे मिळतील काय, खोलीला खिडकी घ्यावी की बिनखिडकीची (स्वरूप म्हणाला, "मला चालेल." नम्रता म्हणाली, "मला नाही."), लिंबाचं लोणचं नेता येतं काय, अशा एकवीस प्रश्नांचा निकाल लागला. अखेर महिपत नऊ महिन्यांवरून आणि येसूबाई एका रात्रीवरून सरकत सरकत अडीच रात्रींवर एक झाले. विनोदने सांगितलं की अर्ध्या रात्री उतरवत नाहीत. तेव्हा मोठ्या मनाने तीन रात्री मंजूर झाल्या. दिनांक, दिशा, तिथी, सगळं जुळलं. महिपत यांनी ठरावावर सही केली.

त्याच दिवशी दुपारी कंपनीचं पत्र आलं. ज्याच्या जागी स्वरूपला पुढे जायचं होतं, त्याचं अपेंडिक्स फुटलं. स्वरूपने चार दिवसांनी कोचीनला हजर व्हावं.

 समितीकडे ठराव होता, सही होती, मंजूर रात्री तीन होत्या. फक्त नवरा नव्हता. नम्रताने पत्र वाचलं, परत केलं, आणि कपडे वाळत घालायला गेली. वाळलेलेच कपडे तिने पुन्हा वाळत घातले.

येसूबाई ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. मग त्या पडवीत आल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच अध्यक्षांची परवानगी न घेता बोलायला सुरुवात केली.

"आईनं उजवा दिलाय. बोटीत बसवीन म्हणाली हाय. उद्या जयगडला फेरीबोट हाय काय नाय?"

"अगो, ती तवसाळला जाते. पंधरा मिंटांत," महिपत म्हणाले.

"मग बसू दे पंधरा मिंटं. तुमच्या नऊ म्हैन्यांत मला काय मिळालं ता मला म्हाईत हाय."

हा मुद्दा इतिवृत्तातून वगळण्यात आला आहे.

दुसऱ्या दिवशी समिती दोन रिक्षांतून जयगडच्या धक्क्यावर पोचली, कारण बोटीवर जाणाऱ्याला पोचवायला घर जातं ही रीत आहे. महिपत यांनी नारळ फोडला, फेरीबोटीवर चढून लाइफजॅकेटं मोजली, दोन कमी असल्याचं तिथल्या माणसाला सुनावलं आणि खाली उतरले. येसूबाईंनी नम्रताच्या हातात पिशवी दिली : घावणे, नारळाची चटणी, दोन लिंबं, एक स्वेटर. पंधरा मिनिटांचा प्रवास असला तरी समुद्र तो समुद्र. मग त्यांनी शमिकाला कडेवर घेतलं.

"आमी हितंच थांबतो. तुमी जावा."

बोटीच्या उताराशी पाणी येऊन टेकत होतं. चढता चढता स्वरूप खाली वाकला आणि त्याने पाण्यात हात घातला. बराच वेळ ठेवला.

"सत्तावीस," तो म्हणाला. महिनाभर ज्याच्यासाठी बैठका झाल्या तो एकमेव पक्का आकडा हा.

"कुठं जायचं?" तिकीटवाल्याने विचारलं.

"कुठं नाही," नम्रता म्हणाली. "जाऊन परत."

"तिकडं उतरायला लागतं, वहिनी. बसून नाय ऱ्हाता येत."

"उतरतो. परत लगेच चढतो."

"मग जाताय कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर चौथ्या कारणात आहे. ते सांगायला वेळ नव्हता. गाड्या चढल्या, फळी उचलली, आणि मयेकरांची सून पाण्यावर निघाली. स्वरूप कठड्याला धरून उभा होता. खाली इंजिन धडधडत होतं, आणि पहिल्यांदाच त्याला तिथे जायचं नव्हतं.

"हे असं दिसतं होय?" तो म्हणाला.

"तू अकरा वर्षं कुठं होतास?"

"खाली."

अशा रीतीने जोडीदाराची पहिली क्रूझ नक्की कोणाची, हा मुद्दाही निकाली निघाला. जोडप्याने एकूण चार खेपा केल्या. खाडीपलीकडे तालुका बदलतो, तेव्हा कागदोपत्री हा दोनदा परमुलुखाचा दौरा झाला. घावणे दुसऱ्या खेपेत संपले. नम्रताने 'तू' हा शब्द सदतीस वेळा वापरला, त्यात एकदा भांडताना. धक्क्यावरून विनोद दर खेपेला शमिकाची वेळ नोंदवत होता. ती एक तास वीस मिनिटं आईविना राहिली, आणि तिसऱ्या खेपेपासून तिने हात हलवणंही बंद केलं.

आता निष्कर्ष. जोडीदाराच्या पहिल्या क्रूझची योग्य लांबी किती, याचा आकडा मयेकर समितीच्या अहवालात नाही. अहवाल तयार आहे. महिपत यांची सही तेवढी राहिली आहे. तोवर वाचकांनी आपापल्या घरी ती ठरवावी. आपल्याला पौष नाही, गुरव नाही. आपला जोडीदार एडनला नसून बहुधा बाहेरच्या खोलीत आहे. अंतर अंदाजे नऊ पावलं. त्याची रजा किती उरली हे मात्र आपल्यालाही कुणी कळवलेलं नाही.

हा मजकूर वाचायला पंधराएक मिनिटं लागतात. जयगडची बोट तेवढ्यात पलीकडे पोचते. आपण ही खेप एकट्याने केलीत.