पुलावरची डबी

आम्रपालीने लेक आईबापांकडे ठेवली ती एकाच बोलीवर. कुपवाडच्या कारखान्यात ती आणि नवरा दोघेही कामाला, छोट्या अक्षताला बघायला तिथे कुणी नव्हतं. पण मागच्या खेपेला पोरीने धोंडिरामाच्या चुन्याच्या डबीत बोट बुडवून तोंडात घातलं होतं. रात्रभर रडली होती.

"घरात तंबाखू दिसली की त्याच दिशी पोरीला घिऊन जाईन, आबा," आम्रपाली म्हणाली. "आन् आये, तुझी मिश्रीबी त्यातच आली."

दोघांनी माना डोलावल्या. नात म्हणजे धोंडिरामाचा जीव. त्याने शब्द पाळला. घरात तंबाखू ठेवली नाही. ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यात ठेवली.

संध्याकाळी फिरायला जायचं, दगडातल्या भोकातून डबी काढायची, चिमूट मळायची आणि ओढ्यावर चूळ भरून घरी यायचं. फिरण्याने तब्येत सुधारली, असं त्याची बायको बाळाबाई कौतुकाने सांगत असे.

एके दिवशी भोक रिकामं निघालं.

डबी खाली पडली की काय म्हणून धोंडिराम कठड्यावर ओणवा झाला, तोच मागून कुणीतरी त्याच्या कमरेला मिठी घातली. पलटणीतून निवृत्त झालेला मानसिंग होता. म्हातारा जीव देतोय, असं त्याला वाटलेलं. खरं कळल्यावर मात्र तो हसला नाही. त्याने सुरुंग हुडकले होते, डबी काय चीज!

"डोळ्यानं न्हाई, बोटानं हुडकायचं," त्याने शिकवलं. "ठेवणारा लय वाकत न्हाई. हात पोचंल तितंच ठेवतोय. आन् कुनी आलं की पान्याकडं बघायचं."

कठड्यातल्या लोखंडी नळीच्या तोंडात एक डबी सापडली, पण ती दुसऱ्याची. दगडांच्या फटीत आणखी एक. ती लालासाहेबाची होती, ज्याने चावडीवर चारचौघांत तंबाखू सोडली होती. मानसिंगने तिच्यातली चिमूट घेतली, बदल्यात आपला चुना ठेवला आणि डबी होती तिथे सरकवली. रीत म्हणजे रीत.

एवढ्यात एक बैलगाडी आली. दोघे पाण्याकडे बघू लागले. गाडीवान उतरून पाण्याकडे बघू लागला. मग रानातून परतणारी माणसं थांबली. कोण बुडालं, कुठलं पोर, अशी कुजबुज वाढली. पूल भरला. धोंडिरामाला घाम फुटला, कारण ही गर्दी का जमली ते आता गावभर विचारलं जाणार होतं. पण मानसिंगने त्याला कोपराने ढोसलं आणि कठडा दाखवला. निम्म्या पुरुषांच्या नजरा पाण्यावर होत्या, बोटं मात्र हळूच आपापल्या फटी चाचपत होती.

धोंडिरामानेही शेजारच्या फटीत बोट घातलं. हाती आली मिश्रीची डबी, लुगड्याच्या काठाच्या चिंधीत बांधलेली. काठ ओळखीचा होता.

तो तरातरा घरी निघाला. पोरीच्या आईला दिलेला शब्द हिने मोडला! वाटेत राग थोडा थोडा सांडत गेला, तरी उंबऱ्यापर्यंत बराच शिल्लक होता.

बाळाबाई नातीला थोपटत होती. मान वर न करता ती हळू आवाजात म्हणाली,

"तुमची डबी पल्याडच्या कमानीपाशी ठिवलीया. त्या भोकात पानी शिरत हुतं."

धोंडिराम नातीच्या उशाशी टेकला. अर्धवट झोपेत अक्षताने त्याचं बोट धरलं आणि तोंडाकडे नेलं. त्याने ते घाईघाईने सोडवून घेतलं आणि हात धुवायला मोरीवर गेला.

साबण आधीच ओला होता.